पंजा छाप सायकलीचे खरे वय

सोलापुरात जुन्या माणसाला एखाद्या गोष्टीचे साल विचारले की तो आकडा सांगत नाही, घटना सांगतो. 'प्लेगच्या आधी', 'मार्शल लॉच्या वर्षी', 'जुनी गिरणी बंद पडली तेव्हा'. लग्ने, वाटण्या, घरांची बांधकामे, सगळ्यांची नोंद अशीच. ही पद्धत वाईट नाही. कॅलेंडर माणूस विसरतो, गावावर आलेला प्रसंग विसरत नाही. अडचण एवढीच, की तीच गोष्ट तीन पिढ्यांनी सांगितली की एका सालाची हकिकत दुसऱ्या सालाला कधी चिकटते ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आज मला एका सायकलीविषयी बोलायचे आहे. खरे तर सायकलीच्या नुसत्या सांगाड्याविषयी, ज्याला आपण फ्रेम म्हणतो. गेल्या काही वर्षांत जुन्या विलायती सायकलींना पुन्हा मागणी आली आहे. पुण्यात कर्वेनगरला २०१७ साली विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय सुरू झाले, तेव्हापासून तर अनेकांना आपल्या माळ्यावरचे लोखंड आठवू लागले. मी तंत्रशाळेत बरीच वर्षे वर्कशॉप शिकवले आणि जुन्या सायकलींचा नाद पहिल्यापासूनचा. त्यामुळे 'मास्तर, जरा आमची सायकल बघून जा' असे निरोप मला येतात.

असाच निरोप साखर पेठेतल्या एका विणकर कुटुंबाकडून आला. घरातला नातू म्हणाला, "आमच्या आजोबांची मार्शल लॉच्या वेळची सायकल आहे. पंजा छाप. पुण्याकडचे एक गिऱ्हाईक आले आहे. ती १९३० सालची आहे असे तुम्ही लिहून दिले तर किंमत दुप्पट देतो म्हणतात."

'मार्शल लॉच्या वेळची' हे शब्द सोलापुरात सहज उच्चारायचे नसतात. १९३०च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, लोकांनी चौकी आणि कोर्ट जाळले, आणि काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नाही. मग १२ मे ते ३० जून असा लष्करी कायदा आला. राष्ट्रीय झेंडा घेतला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. या सालाशी एखादी वस्तू जोडली की तिला आपोआप एक मान मिळतो. म्हणूनच ती जोडताना हात जपून टाकावा लागतो. खोटी वस्तू त्या पंगतीत बसवली, तर उद्या खऱ्या वस्तूवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत.

आता ही विलायती सायकल आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात पाहू. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलींचे दुकान सुरू केले. मुंबईहून सायकली आणायच्या, विकायच्या आणि घेणाऱ्याला त्या चालवायलाही शिकवायच्या. किर्लोस्करांच्या पुढच्या सगळ्या कारखानदारीचे मूळ त्या दुकानात आहे. सोलापूरला तर १८६० पासून रेल्वे होती आणि १८७७ पासून जुनी गिरणी. मुंबईच्या बंदरात उतरलेला माल इथे यायला अडचण नव्हती.

सुरुवातीला सायकल साहेबाची, वकील-डॉक्टरांची. पुढे ती कारकुनाकडे, शिक्षकाकडे आणि हळूहळू कामगाराकडे आली. घेणाऱ्यांपैकी अनेकांना इंग्रजी वाचता येत नसे. पण ओळख पटायला चित्र पुरेसे होते. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असल्या की ती बी.एस.ए. हा बर्मिंगहॅमचा मूळचा बंदुकांचा कारखाना. बगळ्याचे डोके म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले. आणि हाताचा उघडा पंजा म्हणजे रज-व्हिटवर्थ. आपल्याकडे साबण, काडेपेटी, चहा जसा चित्रावरून ओळखला जाई, तशीच सायकलही. म्हणून 'पंजा छाप' म्हटल्यावर ती रज असणार, एवढे मला घरी जाण्यापूर्वीच कळले होते. प्रश्न होता तो कुठल्या सालची रज, हा.

प्रत्यक्षात माळ्यावरून खाली आली ती फक्त काळी फ्रेम, पुढचा चिमटा आणि क्रँकला लागलेले दातेरी चाक. त्या चाकाच्या मधोमध पंजा कोरलेला होता. चाके, हँडल, सीट, मडगार्ड, काही नाही. डोक्याच्या नळीवर जिथे पितळी बिल्ला असतो तिथे नुसती भोके. बिल्ला केव्हाच कुणीतरी काढून नेला होता.

अशा वेळी पहिला नियम असा, की जे बदलता येते त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडची सायकल चाळीस-पन्नास वर्षे चाले, कारण तिचे सगळे काही बदलले जाई. रिम वाकली, बदलली. सीट फाटली, दुसरी आली. एका कंपनीचे दातेरी चाक दुसरीच्या फ्रेमवर सर्रास बसवले जाई. वापरणाऱ्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. पण ओळख पटवणाऱ्याची त्यात फसगत होते. त्यातून आता नवे बिल्ले आणि सोनेरी अक्षरांचे चिकटवायचे छापही सहज विकत मिळतात. म्हणजे बिल्ला असणे हा पुरावा नाही आणि नसणे हाही पुरावा नाही.

मग पाहायचे काय? ज्या गोष्टी कारखान्यात एकदा झाल्या आणि नंतर कुणाला सहज बदलता येत नाहीत, त्या. पहिली, फ्रेमचा नंबर. तो बहुधा सीटखालच्या सांध्यावर नाहीतर खाली क्रँकच्या नळकांड्यावर ठोकलेला असतो. रंगाचे थर चढून तो बुजतो. तिथे सँडपेपर घासू नये, आकडेच निघून जातात. रॉकेलचा बोळा फिरवावा, कोरडे पुसावे आणि खडूची पूड बोटाने चोळावी. पूड खाचेत बसते आणि आकडे दिसू लागतात. या फ्रेमवर सीटखाली नंबर मिळाला. मी तो कागदावर उतरवून घेतला.

पण नंबर मिळाला म्हणजे साल मिळाले असे होत नाही. अनेकांना वाटते की नंबर विलायतेला कळवला की तिकडून जन्मदाखला येईल. रॅलेची जुनी दप्तरे नॉटिंगहॅमशायरच्या अभिलेखागारात आहेत. इंग्लंडमध्ये १९५५ पासून जुन्या सायकलींच्या हौशी अभ्यासकांचा क्लबही आहे. पण कारखान्यांनी नंबर नेहमी ओळीने घातले नाहीत, काही मालिका पुन्हापुन्हा वापरल्या आणि नोंदवह्याही सगळ्या शिल्लक नाहीत. नुसत्या नंबरावरून छातीठोक साल सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. क्रँकच्या नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना ज्या वाट्या आवळलेल्या असतात, त्यांचे आटे. हे मला कुठल्या पुस्तकाने आधी सांगितले नाही, पेठेतल्या सायकल मिस्त्रींनी सांगितले. जुन्या मिस्त्रीला पक्के ठाऊक असे की रॅलेला दुसरी वाटी चालत नाही, तिला तिचीच वाटी लागते. कारण साधे आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक कारखान्यांनी एका इंचात २४ आटे हे माप धरले. आजही जगभर या मापाला 'बीएसए' म्हणतात. रॅलेने मात्र आपले वेगळे २६ आट्यांचे माप चालू ठेवले.

आम्ही फ्रेम उलटी केली, कॉटर ठोकून काढले, वाट्या सोडवल्या. गंज होता, रात्रभर तेल सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी गेज लावले. २६ आटे. दोन्ही बाजूंना, दोनदा मोजले.

आता गंमत बघा. रज-व्हिटवर्थ ही कॉव्हेंट्री गावची कंपनी, रॅलेची प्रतिस्पर्धी. १९३०च्या दशकात ती डबघाईला आली. तेव्हा तिला विकत घेतले ते ई.एम.आय.च्या ग्रामोफोन कंपनीने. होय, तीच, जिच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असे. कारखाना लंडनजवळ हेजला हलला. मग महायुद्ध आले आणि १९४३ साली रज हे नाव रॅलेकडे गेले. त्यानंतरच्या रज सायकली नॉटिंगहॅममध्ये, रॅलेच्याच सांच्यात, रॅलेच्याच आट्यांनी बनू लागल्या. पंजा तोच राहिला, हात बदलला.

म्हणजे चाकावरचा पंजा सांगत होता रज, आणि आटे सांगत होते रॅले. दोन्ही खरे धरायचे, तर ही फ्रेम १९४३ नंतरची. १९३०ची असणे शक्य दिसत नव्हते.

इथे आणखी एक फाटा फुटतो. तो आपल्या देशातला म्हणून जास्त महत्त्वाचा. नाव विलायती म्हणून सायकल विलायती असे समजू नये. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच उभा राहिला होता. १९४९ साली मद्रासला टी.आय. सायकल्स ही कंपनी निघाली आणि हर्क्युलस, फिलिप्स, बी.एस.ए. ही इंग्रजी नावे तिथे बनू लागली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना चालू झाला. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो आली. परदेशी सायकलींवर बंधने आली आणि दुकानात टांगलेली 'रॅले' बघता बघता आसनसोलची झाली. पुढे हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने आजारी पडले आणि १९८०च्या कायद्याने सरकारने ते ताब्यात घेतले. माळ्यावरच्या अनेक 'इंग्लिश' सायकली अशा आपल्याच कामगारांच्या हातच्या आहेत. त्यात कमीपणा नाही, फक्त ते माहीत असावे.

तेव्हा साखर पेठेतली ही फ्रेम नॉटिंगहॅमची की आसनसोलची, हे धातू पाहून मला ठरवता येईना. मी नातवाला म्हटले, "लोखंडाने सांगायचे ते सांगितले. आता कागद बघा. त्या काळी सायकलीचे बिल कुणी फेकत नसे."

फेकत नसे याला कारण होते. सायकल ही घरातली मोठी वस्तू. चोरीला गेली तर पोलीस आधी नंबर विचारत. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि बिल्ला देत. त्यामुळे बिल, पावत्या, बिल्ले जपून ठेवलेले असत. अशा पावत्याही वय सांगतात. उदाहरणार्थ, सोलापूरची महानगरपालिका झाली १९६४ साली. कागदावर 'नगरपालिका' असेल तर तो त्यापूर्वीचा.

चार दिवसांनी नातवाचा फोन आला. आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डांच्या खाली, सायकलीचे बिल मिळाले होते. रज, २४ इंची फ्रेम आणि पुढे नंबर. मी माझा कागद काढला. प्रत्येक आकडा जुळला. बिलावर तारीख होती ऑक्टोबर १९४९ ची. आसनसोलचा कारखाना तेव्हा अजून चालू झालेला नव्हता. सायकल नॉटिंगहॅमची होती आणि मार्शल लॉनंतर एकोणीस वर्षांनी घरात आली होती.

नातवाचा चेहरा उतरला. त्याच्या दृष्टीने किंमत निम्म्यावर आली होती आणि घराची गळती काढायची होती. पण त्याचे वडील, वय त्र्याऐंशी, इतका वेळ गप्प बसले होते. ते म्हणाले, "एकोणपन्नास म्हणजे गिरणी बंद पडली ते साल की हो, मास्तर."

आणि मग जी हकिकत निघाली ती त्या घरात कुणी कुणाला सांगितलेली नव्हती. आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते. जुनी गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. १९४९च्या जुलैत कामगारांना नोटीस लागली आणि ऑगस्टमध्ये गिरणी बंद झाली. काकांच्या आठवणीप्रमाणे दोन महिने आजोबा रोज फाटकापर्यंत जाऊन परत येत. मग त्यांनी गिरणीचा नाद सोडला. आजीच्या पाटल्या मोडल्या आणि ही सायकल घेतली. मागच्या कॅरिअरला हातमागाच्या लुगड्यांचा गठ्ठा बांधायचा आणि वळसंग, मंद्रूप, अक्कलकोट अशा आठवडी बाजारांना जायचे. घर त्यावर चालले. काकांचे शिक्षण त्यावर झाले.

मी फ्रेम पुन्हा पाहिली. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांवर, कॅरिअर जिथे आवळलेले असते तिथे, रंग पार घासून धातू झिजला होता. एका नळीला पितळेचे डाग दिलेले होते. आधी मी ते नुसते 'दुरुस्ती' म्हणून टिपले होते. आता त्याचा अर्थ लागला. ऑफिसला जाणाऱ्याच्या सायकलीची ही झीज नव्हे. वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या सायकलीची ती झीज होती.

त्या गिरणीचे पुढे काय झाले, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आपल्या सोलापूरकरांना मात्र पुष्कळदा नसते. गैरकारभारामुळे आवश्यक मालाचे उत्पादन थांबले आणि बेकारी आली, असे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढला आणि गिरणीचा कारभार हाती घेतला. घटना अमलात यायला तेव्हा काही दिवस उरले होते. चरणजितलाल चौधरी या भागधारकाने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली त्यांचा अर्ज फेटाळला. पण १९५३ साली द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात न्यायालयाने उलट सांगितले, की भरपाई न देता अशी मालमत्ता ताब्यात घेता येणार नाही. १९५५च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत सोलापूरचा हा निकाल आहे. देशाच्या घटनेत बदल घडवणाऱ्या या भांडणाच्या तळाशी फाटकाबाहेर उभे राहिलेले हजारो कामगार होते. त्यांची नावे निकालपत्रात नाहीत. त्यांतल्या एकाने काय केले, त्याचा पुरावा साखर पेठेतल्या माळ्यावर पडून होता. आणि 'मार्शल लॉची सायकल' या तीन शब्दांनी तो झाकला गेला होता.

मार्शल लॉची गोष्ट तरी कुठून आली? तीही कुणी मुद्दाम रचलेली नव्हती. १९३० साली आजोबा पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्या दिवसांतली धावपळ त्यांनी पाहिली होती आणि ते ती नातवंडांना रंगवून सांगत. सायकल समोर उभी असे. ऐकणाऱ्या मुलांनी दोन्ही एकत्र केले. पाटल्या मोडल्याची गोष्ट मात्र कुणी रंगवून सांगत नाही. बेकारीचे दिवस माणूस मुलांपासून लपवतो. पराक्रमाची आठवण पुढे जाते, अडचणीची मागे राहते. बहुतेक घरांचा इतिहास असाच एका बाजूला झुकलेला असतो.

गिऱ्हाईक पुन्हा आले. मी लिहून दिले ते असे: 'रज, नॉटिंगहॅम बनावट, ऑक्टोबर १९४९ मध्ये सोलापुरात खरेदी, फ्रेम व बिलाचा नंबर एकच. दातेरी चाक रजचे. बिल्ला नाही.' त्यांनी ते वाचले, हसले आणि म्हणाले, "तीसचे असते तर बोललो असतो." ते गेले. जाताना एवढेच सुचवून गेले की बिल बाजूला ठेवायला हरकत नाही. नातवाने वडिलांकडे पाहिले. काका म्हणाले, "बिलासकट घ्यायची तर घ्या." व्यवहार मोडला. गळती अजून तशीच आहे, हेही मी सांगितले पाहिजे. खरे बोलल्याचा लगेच मोबदला मिळतो, असे काही नसते.

पण मला विचाराल, तर १९३०ची खोटी सायकल एका दिवाणखान्याच्या भिंतीची शोभा झाली असती. १९४९ची खरी सायकल सोलापूरच्या गिरण्यांच्या इतिहासातला एक दस्तऐवज आहे. जुनी गिरणी १९६०च्या दशकात कायमची बंद झाली. पुढे एकेक करून शहरातल्या इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले. त्या कामगारांनी पुढे पोट कसे भरले, याची नोंद कुठल्या दप्तरात फारशी सापडणार नाही. ती अशाच वस्तूंवर, त्यांच्या झिजेवर आणि डागांवर सापडेल.

म्हणून एक विनंती. माळ्यावर, गोठ्यात, जिन्याखाली अशी जुनी फ्रेम असेल तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी चार कामे करा. रंग देऊ नका, घासू नका. नंबर शोधून कागदावर उतरवा. पेठेतला म्हातारा मिस्त्री अजून हयात असेल तर त्याला दाखवा, कारण आट्यांचे हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे आणि ते त्याच्याबरोबर जाणार आहे. चौथे, ट्रंका उघडा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. मात्र प्रश्न नीट विचारा. 'ही सायकल कितव्या सालची' असे विचारू नका, 'ही घ्यायला पैसे कुठून आले' असे विचारा. साल त्या उत्तरातून आपोआप निघते.